'डॉक्टर' व्हायचंय, पण कुठली?

परवा महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनी लेकीला घेऊन आल्या. लेक मानसशास्त्रात एम.ए. झालेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मला पीएच.डी. करायचीय. मोबाइलवर जाहिरात आलीय. घरबसल्या होते, पैसे हप्त्याने भरायचे." मी म्हटलं, "अगं, पैसे भरले नाहीस ना अजून?"

मैत्रिणींनो, घरबसल्या पीएच.डी. होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. देताच येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातल्या ३ खासगी विद्यापीठांना ५ वर्षं पीएच.डी.चे प्रवेश देण्यास मनाई केली. म्हणजे कागद हातात पडेल, पण त्याला किंमत असेलच असं नाही.

मग मी तिला विचारलं, "डॉक्टर होऊन करणार काय?" म्हणाली, "लोकांवर उपचार." इथेच बऱ्याच मुलींची गफलत होते. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी. कॉलेजात शिकवायचं, अभ्यास करायचा तर ती हवी. पण नुसत्या पीएच.डी.ने कुणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यासाठी एम.ए.नंतर रुग्णालयातल्या प्रशिक्षणासह २ वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. सांगितलं आहे, तेही भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं. आयोगाने इतर विषयांचं एम.फिल. बंद केलं, याला मात्र २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. म्हणून आज कुठला अभ्यासक्रम चालतो आणि आपली संस्था मान्यतेच्या यादीत आहे का, हे परिषदेकडून समजून घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

संशोधनच करायचं ठरलं, तर आधी मार्गदर्शक शोधावा, विद्यापीठाचं नाव नंतर. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे जागा मोजक्याच. त्यांनी काय लिहिलंय ते वाचावं, त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलींशी बोलावं. एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात, राखीव गटांना ५ टक्के सूट आहे. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात.

विषय मात्र आपल्या अंगणातला असावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, सुपारीच्या बागा झोपल्या. त्यानंतर आपल्या बायकांची झोप कशी उडाली, हे आपल्या लेकींनी नाही अभ्यासायचं तर कुणी?

वहिनींना वेगळीच काळजी. "ताई, इतकी वर्षं शिकायचं, मग लग्नाचं काय?" त्यांना मी नियमच सांगितले. पीएच.डी.साठी इतरांना जास्तीत जास्त ८ वर्षं मिळतात, बाईला १० पर्यंत. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तर केलेलं काम तिकडच्या विद्यापीठात नेता येतं. नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते. पूर्णवेळ करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. या सवलती कुणी घरी आणून देत नाही, अर्ज करूनच घ्याव्या लागतात.

आता थोडं कडू बोलते. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश बंद केले. माणसाच्या मनाचं काम पुस्तकं टपालाने मागवून शिकता येत नाही, हे मला पटतं. पण संसार सांभाळून, रात्री दिवा लावून एम.ए. करणाऱ्या किती तरी बायकांची तीच एक वाट होती. मुंबई विद्यापीठाचा विभाग कलिन्याला. मुरूडहून रोज तिथे जायचं म्हणजे एसटी, मांडव्याची बोट, मग लोकल. पावसाळ्यात गेटवेच्या बोटीही बंद. एक वाट बंद केली तर दुसरी उघडायला नको का? जिल्ह्यातल्या कॉलेजात एम.ए. आणि मुलींसाठी वसतिगृह, ही मागणी आपण मंडळा-मंडळांतून करायला हवी.

वहिनींच्या लेकीने ती जाहिरात मोबाइलमधून काढून टाकली. उपचार की संशोधन, हे ती अजून ठरवतेय. ठरवू दे. दोन महिने विचारात गेलेले परवडतात, चुकीच्या दारात पाच वर्षं घालवलेली परवडत नाहीत.