खूण, नोंद आणि पाहणारा माणूस

२७ जानेवारी २०२५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचे एक मादी कासव अंडी घालायला वाळूत आले. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर धातूची छोटी पट्टी होती. तिच्यावर आकडा होता ०३२३३. कासवांची राखण करणाऱ्यांनी तो टिपून घेतला. चौकशीअंती कळले की ही पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १८ मार्च २०२१ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. म्हणजे देशाला दक्षिणेकडून वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून ही माय कोकणात आली होती. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी मानली जात.

संयुक्त निकायात तथागतांनी आंधळ्या कासवाचा दृष्टान्त दिला आहे. शंभर वर्षांतून एकदा वर येणाऱ्या कासवाची मान समुद्रात तरंगणाऱ्या जुवाच्या एकुलत्या एका भोकात जाणे जितके दुर्मीळ, तितका मनुष्यजन्म दुर्मीळ. अथांग पाण्यातले एक कासव पुन्हा सापडणे हेही तसेच. पण गुहागरला कोणी योगायोगाच्या भरवशावर बसले नव्हते. रात्रीमागून रात्री किनारा तुडवणारी माणसे होती, म्हणून आकडा वाचला गेला.

याआधी २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने वेळास, आंजर्ले व गुहागर येथे पाच कासवांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी ही त्यांची नावे. कासव श्वास घ्यायला वर आले की यंत्र उपग्रहाला ठिकाण कळवते. पण असे यंत्र महाग आणि काही महिन्यांनी मुके होते. आता स्वस्त यंत्रेही निघाली आहेत. मोबाईल आडवा धरला की चित्र आडवे होते ते ज्या चिपमुळे, तीच चिप प्राण्याच्या अंगावर लावली तर तो पोहतो, बुडी मारतो की विसावतो, हे नोंदले जाते. मात्र उपग्रहाशी न बोलणारे असे यंत्र परत मिळवावे लागते. यंत्र स्वस्त झाले की माणसाची गरज वाढते, ती अशी.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण हा धडा आपल्याकडेही घडला आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. तो तेथे न राहता सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. पुढे पट्टा बंद पडला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला, तेव्हा कातडीखालच्या लहानशा चिपच्या क्रमांकावरून त्याची ओळख पटली. बिबट्या दूर नेऊन सोडला म्हणजे प्रश्न मिटला, असे नसते, हे आजोबाने दाखवले.

बंधू-भगिनींनो, हा विषय आपल्या घरादाराचा आहे. उसात बिबट्या बिऱ्हाड करतो, आणि तोडणीला गेलेल्या आपल्या टोळ्यांची लेकरे फडाच्या कडेला निजतात. पहिली झळ त्यांनाच. प्रत्येक बिबट्याला पट्टा घालता येणार नाही, पण वहीला किती पैसे लागतात? दिवस, वेळ, कोणाचे शेत, कोणत्या दिशेने गेला, एवढे लिहावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अफवेने माणसे घाबरतात, अर्जाला बळ येत नाही. तारीखवार नोंद पुढे ठेवली की पिंजरा, दिवे, गस्त मागता येते आणि अधिकाऱ्याला ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही.

एहिपस्सिको, या आणि पाहा, हे धम्माचे सांगणे. पाहिलेले लिहून ठेवा, एवढी भर आम्ही घालतो. विहारात आजच एक वही टांगा. रविवारी वंदनेनंतर शाळेत जाणाऱ्या मुलीने ती सर्वांना वाचून दाखवावी.