बोनस आला, भाव पडला

अमळनेरला 'बोनस' हा शब्द दोन कारखान्यांनी शिकवला, आणि दोघांनी वेगवेगळा शिकवला. पहिला प्रताप मिलनं. 1906 साली प्रतापशेठांनी काढलेल्या या गिरणीतल्या कामगाराच्या घरी बोनस म्हणजे दिवाळीआधी हातात पडणारी रोकड. 1965च्या कायद्यानं तिला हक्काचं रूप दिलं. पुढे तो किमान 8.33 टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, अर्थात तेरावा पगार. त्यातून पोरांना कपडे यायचे, किराण्याची उधारी फिटायची.

दुसरा कारखाना वनस्पती तुपाचा. महंमद हाशम प्रेमजींनी 29 डिसेंबर 1945 रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. तिचंच नाव पुढे विप्रो झालं. तिचे शेअर गावातल्या अनेक घरांनी घेतले, आणि बऱ्याच घरांनी ते विकले नाहीत. या घरांत बोनस म्हणजे फुकटात येणारे शेअर. शब्द तोच असल्यामुळे आनंदही तसाच व्हायचा. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

डिसेंबर 2024 मध्ये विप्रोनं एकास एक बोनस दिला. त्या दिवशी भाव निम्म्यावर आला, पण नवे शेअर खात्यात दिसायला एकदोन दिवस लागले. मधल्या वेळात मोबाइलवर निम्मी रक्कम पाहून एका काकांनी मला विचारलं, "भाऊ, आर्धा पैसा कथा गया?" पैसा कुठंच गेला नव्हता. आलाही नव्हता. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही, एवढंच.

मग काकांचा पुढचा प्रश्न. चांगला होता. "मंग स्प्लिट म्हणजे काय?" 1999 साली विप्रोनं 10 रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे 2 रुपयांचे पाच शेअर केले, तो स्प्लिट. तेव्हाही शेअर वाढले आणि भाव त्याच प्रमाणात उतरला. त्यामुळे चहाच्या टपरीवर 1999 सालही 'बोनस'मध्येच मोजलं जातं. घेणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर चूक फार मोठी नाही. कंपनीच्या वहीत मात्र दोन्ही वेगळे. स्प्लिटमध्ये दर्शनी किंमत फुटते, भांडवल जागच्या जागी राहतं. बोनसमध्ये दर्शनी किंमत तीच राहते आणि राखीव निधीतली रक्कम भांडवलात जाते. 2024 मध्ये ती हजार कोटींहून थोडी अधिक होती. अशी भांडवलात गेलेली रक्कम पुढे लाभांश म्हणून वाटता येत नाही. म्हणजे मिल कामगाराच्या बोनसशी तुलना केली तर इथं सगळं उलटंच आहे: तिथं पैसे तिजोरीतून बाहेर यायचे, इथं ते आणखी आत जाऊन बसतात. हातात रोकड देतो तो लाभांश, डिव्हिडंड. त्याचं कौतुक आमच्याकडे कमी.

हिशेबच मांडायचा तर 1997च्या बोनसच्या आधी कुणाकडे 100 शेअर होते असं धरा. त्या वर्षी एकास दोन बोनस, 300 झाले. 1999चा स्प्लिट, 1500. 2004 ला पुन्हा एकास दोन, 4500. 2005 ला एकास एक, 9000. 2010 ला तिनास दोन, 15,000. 2017 ला एकास एक, 30,000. 2019 ला तिनास एक, 40,000. आणि 2024 नंतर 80,000. आकडा ऐकून माणूस खुर्चीत सावरून बसतो. पण यातलं एकही पाऊल उचललं नसतं, तरी त्या 100 शेअरची किंमत आज तितकीच असती. एकेक शेअर आठशे पट महाग असता. श्रीमंती आली ती धंद्यातून. 1966 साली वडील वारल्यावर एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी कारभार हातात घेतला आणि पुढे तुपासाबणाची कंपनी संगणकाकडे वळवली, त्यातून. आणि कागद ट्रंकेत तसेच ठेवणाऱ्यांच्या सबुरीतून. 'बोनसनं तारलं' हे गावातलं आवडतं वाक्य मला म्हणूनच पटत नाही.

प्राप्तिकर खात्याला हा फरक नेमका ठाऊक आहे. स्प्लिटच्या शेअरला जुनी खरेदी किंमत वाटून मिळते आणि तारीखही मूळ खरेदीचीच. बोनसच्या शेअरची खरेदी किंमत शून्य, आणि तारीख तो मिळाला त्या दिवसाची. जुन्या शेअरना खरेदी किमतीसाठी 31 जानेवारी 2018च्या भावाचा आधार आहे. 2019 आणि 2024च्या बोनसला तोही नाही. विक्री जुन्यापासून धरली जाते, म्हणून बऱ्याच जणांना हे जाणवलं नाही. पण ज्यांनी बोनसचा हक्क लागू झाल्यावर आधी जुने शेअर विकले आणि मग डिसेंबरात आलेलेही लगेच काढले, त्यांना विक्रीची सगळी रक्कम नफा म्हणून दाखवावी लागते, तीही अल्प मुदतीची. कंपनी घरात आजोबांपासून असली तरी.