थंडीतले कोंबड्यांचे पाणी

भगिनींनो, मार्गशीर्ष-पौषात आपल्या सोलापूरकडे पाणी काही गोठत नाही. पण रात्रभर उघड्यावर राहिलेले पाणी पहाटे इतके गार होते की कोंबडी चोच बुडवून मागे सरते. पाणी कमी की दाणा कमी, दाणा कमी की अंडी कमी. टरफल सोडले तर अंड्यात सुमारे पाऊण भाग पाणीच असते.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. दहा कोंबड्यांना अडीच लिटर धरा. शिळे पाणी सकाळी ओतून द्या. भांडे घासून विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी भरा. हिवाळ्यात ते काढल्याबरोबर कोमट लागते. उन्हाळ्यातले मातीचे परळ आता उचलून ठेवा, झिरपल्याने त्यातले पाणी आणखी गार होते. प्लॅस्टिकचे भांडे कोवळ्या उन्हात, विटा लावून कोंबडीच्या पाठीइतके उंच ठेवा, म्हणजे घाण पडत नाही.

राणीखेतची लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग पावडर मुळीच टाकू नका. लस वाया जाते. अंड्यांचे चार पैसे बहुधा घरधनिणीच्याच हातात येतात. ते थंडीतही येत राहावेत, म्हणून एवढे कराच.