खेळांचे भाषांतरकार व त्यांचे टीकाकार

ज्याच्या श्रमाचा उपयोग आपणांस कळत नाहीं त्यास वेडा म्हणावें, आणि त्या वेडास सोबती मिळूं लागले कीं त्यास चोर म्हणावें, ही आमच्या सुशिक्षित वर्गाची जुनी खोड आहे. जुन्या व्हिडिओ गेमांचीं हौसेनें भाषांतरें करणाऱ्या मंडळींविषयीं आमच्या विद्वान् मित्रांकडून जे दोन आक्षेप ऐकूं येतात, ते तिचेंच ताजें उदाहरण होत. पहिला आक्षेप, हा सारा पोरखेळ आहे. दुसरा, हें सारें चौर्य आहे. एकच गोष्ट एकाच वेळीं क्षुल्लकही असावी आणि दंडनीयही असावी, हें जरा चमत्कारिक खरें; पण आक्षेपकांस त्याचें कांहीं वाटत नाहीं, तेव्हां आम्हीही तें सोडून देतों.

प्रथम, हे लोक करतात काय तें सांगितलें पाहिजे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जपानांत कथाप्रधान खेळांची मोठी परंपरा निर्माण झाली. त्यांतले पुष्कळ खेळ इंग्रजींत आलेच नाहींत. जे आले ते कसे आले? 'फायनल फँटसी' या मालेचा चौथा भाग अमेरिकेंत 'दुसरा' म्हणून विकला गेला आणि सहावा 'तिसरा' म्हणून. एखाद्या प्रकाशकानें कादंबरीचे तीन खंड गाळावेत, उरलेल्यांस नवे आंकडे घालावेत आणि वाचकास त्याचा सुगावाही लागूं देऊं नये, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय त्या भाषांतरांत दारूच्या गुत्त्याचा 'कॅफे' होई, आणि देवाधर्माचे शब्द पुसून गुळगुळीत होत. गाळलेला पांचवा भाग जपानांत १९९२ सालीं निघाला होता. १९९७-९८ च्या सुमारास कांहीं हौशी तरुणांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर तडीस नेलें. मालकांचें भाषांतर १९९९ सालीं आलें. 'सेइकेन देन्सेत्सु ३' ची कथा याहून बोलकी. मूळ खेळ १९९५ चा, हौशी मंडळींचें भाषांतर २००० चें, आणि मालकांचें २०१९ चें!

पुस्तकाचें भाषांतर करणारास निदान कोरा कागद मिळतो. यांस तोही मिळत नाहीं. असा खेळ म्हणजे लाखों आंकड्यांची एक अखंड रांग. त्यांतला कोणता आंकडा कोणतें अक्षर दाखवितो याचा तक्ता कोणी हातीं देत नाहीं. एकेक आंकडा बदलून, पडद्यावर काय उमटतें तें पाहून, तो ज्याचा त्यानें तयार करावयाचा. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपच्या चिकाटीचें कौतुक करणारांनीं या चिकाटीस हंसूं नये. अक्षरें ओळखलीं म्हणजे खरी अडचण सुरू होते. जपानी लिपींत 'साकुरा' हा शब्द तीन अक्षरांत मावतो. रोमन लिपींत त्यास सहा लागतात. मूळ वाक्यापुरतीच जागा राखलेली असल्यामुळें भाषांतर तिच्यांत मावत नाहीं. तें दुसरीकडे हलवावें, तर प्रत्येक वाक्याचा पत्ता यंत्रांत अन्यत्र नोंदलेला असतो; तो दुरुस्त न केला तर राजाच्या तोंडीं न्हाव्याचें भाषण येतें, किंवा खेळच बंद पडतो. त्यांतून अक्षरांच्या चौकटी सर्व सारख्या रुंदीच्या. 'आय' या कृश अक्षरास जेवढी जागा तेवढीच 'एम'लाही. म्हणून अक्षरें पडद्यावर काढणारी यंत्राची रीतच पुन्हा लिहावी लागते. ज्यांनीं जुन्या छापखान्यांत देवनागरी जोडाक्षरांच्या खिळ्यांचा संसार पाहिला आहे, त्यांस या कष्टांची कल्पना सहज येईल. आणि इतकें करून वाटावयाचें काय, तर खेळ नव्हे, फक्त एक 'पॅच', म्हणजे मूळ खेळांत कोठें काय बदलावें याची यादी. ज्याच्यापाशीं मूळ खेळ नाहीं त्यास ती कवडीच्या उपयोगाची नाहीं.

पण हें सारें कशासाठीं? पोरांच्या करमणुकीसाठींच ना? 'मदर ३' हा खेळ शिगेसातो इतोई यांनीं लिहिला. हे गृहस्थ जपानांत निबंधकार व जाहिरातलेखक म्हणून प्रसिद्ध आहेत. पैसा म्हणजे काय हेंच ठाऊक नसलेलें एक खेडें. तेथील एका कुटुंबांतील आई मरते, जुळ्या मुलांपैकीं एक नाहींसा होतो. मग बाहेरून माणसें येतात, घरोघर एक चकाकणारी 'सुखाची पेटी' येते, आणि कालपर्यंत एकमेकांच्या दारीं धांवणारे शेजारी अनोळखी होऊन जातात. आमचें आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलें. हें कथानक वाङ्मय नव्हे असें सांगण्याचें धाडस आम्हांस तरी होत नाहीं. हा खेळ २००६ च्या एप्रिलांत जपानांत निघाला. इंग्रजींत तो कधींच प्रसिद्ध झाला नाहीं. क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकारानें हौशी मंडळींनीं २००८ च्या आक्टोबरांत तो पुरा इंग्रजींत आणला, आणि मालक भाषांतर काढणार असतील तर आपलें सर्व काम फुकट देण्याची तयारी मँडेलिन यांनीं पुढें जाहीरपणें दर्शविली. घरांतील वस्तु फुकट देऊं करणारा चोर आमच्या पाहण्यांत अद्यापि आलेला नाहीं.

कायदा या मंडळींच्या बाजूचा नाहीं, हें आम्ही उघड मान्य करतों. भाषांतराचा हक्क मालकाचा, आणि परवानगीवांचून भाषांतर वाटणें हा त्या हक्काचा भंग. पण कायदा सदैव असाच होता काय? १८८६ च्या बर्न येथील करारांत हा हक्क दहा वर्षांपुरताच होता. आमच्याकडील १९१४ च्या कायद्यानेंही येथें प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतीच्या भाषांतराचा एकाधिकार दहा वर्षांनीं संपे. खुद्द जपानच्या १८९९ च्या कायद्यांत, दहा वर्षांत भाषांतर न काढल्यास हक्क जाई. तो नियम १९७० च्या नव्या कायद्यानें रद्द झाला. या सवलतीच्या जोरावर जपाननें कितीतरी पाश्चात्य ग्रंथ आपल्या भाषेंत आणले. तोच न्याय आज लावला, तर 'मदर ३' चें इंग्रजी भाषांतर २०१६ सालींच मोकळें झालें असतें. आमच्या १९५७ च्या कायद्याचें ३२ वें कलम तर वाङ्मयीन कृतीच्या भाषांतराचा परवाना सात वर्षांनंतर मागण्याची मुभा देतें. अर्थात् मालक भाषांतर करीत नसेल तर वाचकास कायमचें उपाशी ठेवूं नये, हा विचार चोरांच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. तो कायदेपंडितांचा आहे.

आणि नीतीचा हा झेंडा कोणाच्या हातीं आहे? १९९० नंतर आमच्या किती सभ्य कुटुंबांनीं दिवाळीला मुलांसाठीं ती स्वस्त नकली टीव्ही गेमची पेटी आणली, आणि 'हजारों खेळ एकांत' असें छापलेली कॅसेट तिच्यांत खोंचली! ती पेटी नक्कल, ती कॅसेट चोरीची, आणि नफा व्यापाऱ्याचा. त्या वेळीं कोणा बापाला नीतिशास्त्र आठवल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आज कोणी एक पैही न घेता चार वर्षें एका खेळावर डोळे फोडतो, तेव्हां मात्र तें आठवतें.

मंडळींत दोष नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. आरंभींच्या कांहीं भाषांतरांत मुळांत नसलेल्या शिव्या व थिल्लर विनोद घुसडलेले आहेत, आणि त्यांबद्दल त्यांचे कान धरलेच पाहिजेत. त्यांचेंच फुकट काम कॅसेटींत भरून विकणारे दुकानदारही आहेत. त्यांस कायद्याचा बडगा दाखवावा, आमची हरकत नाहीं. परंतु बडगा पडतो तो भलत्यावर. 'क्रोनो ट्रिगर' या खेळावर कित्येक वर्षें खपून रचलेली 'क्रिमझन एकोज' ही नवी कथा २००९ च्या मे महिन्यांत, प्रसिद्धीस कांहीं दिवस उरले असतां, मालक कंपनीच्या नोटिशीनें बंद पडली. ती विकावयाची नव्हती.

मालकांस आपली मालमत्ता जपावयाची आहे, असें सांगतात. ती कशी जपली जाते पाहा. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के बाजारांत विकत मिळत नाहींत, असें व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ च्या पाहणींत आढळलें. असे दुर्मिळ खेळ ग्रंथालयांनीं अभ्यासकांस दुरून पाहूं द्यावेत, एवढी विनंति अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीनें २०२४ च्या आक्टोबरांत फेटाळली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत 'मदर ३' च्या मालकांस त्या खेळाची आठवण झाली, आणि त्यांनीं तो जपानांतील ग्राहकांसाठीं पुन्हां उपलब्ध करून दिला. फक्त जपानांत, आणि जपानींतच.