फॉरमॅट मारायला काय अक्कल लागते?

हे वाक्य माझंच आहे. एकदा नाही, बऱ्याचदा म्हटलंय. एकदा तर कॅन्टीनमध्ये, आणि ज्याच्याबद्दल म्हणत होतो तो डेस्कटॉप सपोर्टचा पोरगा शेजारच्याच टेबलावर डबा खात होता. आजचं लिखाण म्हणजे त्याचं प्रायश्चित्त समजा. चिडचिडही आहे थोडी, सांभाळून घ्या.

तर झालं काय, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही तारीख वर्षानुवर्षं जाहीर होती. तरी मी तेव्हा पुण्यात ज्या ऑफिसात होतो, तिथे साहेबलोकांना जाग आली ती गणपती विसर्जनानंतर. चारशे मशीन आणि जेमतेम पाच आठवडे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते. ती आमच्या मशीनमध्ये होती. पण बायोस जुनं, सिक्युअर बूट बंद, आणि सिक्युरिटीवाल्यांना ते चालूच हवं होतं. म्हणजे आधी बायोस अपडेट, मग सिक्युअर बूट चालू, मग अपग्रेड. हे काम कोणाच्या गळ्यात? व्हेंडरच्या तीन कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांच्या. त्यांना ट्रेनिंग दिलं ना! शुक्रवारी दुपारी दोन तास ऑनलाइन, ऐंशी स्लाइड, शेवटी सर्टिफिकेट. दोन तासांत एकाही मशीनला कोणी हात लावला नाही. शनिवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या साठ मशीन त्यांच्या ताब्यात.

सोमवारी आम्ही आलो तर निम्म्या मशीनवर निळा स्क्रीन. बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिटलॉकर डिस्क एन्क्रिप्ट करतो आणि तिची किल्ली टीपीएम चिपमध्ये ठेवतो. बूट होताना बायोस किंवा सिक्युअर बूटची स्थिती बदललेली दिसली, की चिप किल्ली सोडत नाही. कोणीतरी मशीनशी छेडछाड केली असं ती समजते, आणि ते बरोबरच आहे. म्हणून अशा कामाआधी बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करायचा असतो. एक कमांड. आणि त्याच्याही आधी खात्री करायची असते की प्रत्येक मशीनची रिकव्हरी की कंपनीच्या डिरेक्टरीत खरंच जमा आहे.

बहुतेकांच्या की सापडल्या. नऊ मशीनच्या नाही सापडल्या. त्या कधीकाळी कोणीतरी हाताने एन्क्रिप्ट केलेल्या होत्या. नऊपैकी एक माझी. त्यात माझं तीन आठवड्यांचं काम होतं, जे मी सर्व्हरवर पुश केलं नव्हतं. (हसा, हसा.) मी रागाच्या भरात मेल लिहिला, मॅनेजरला सीसी. त्यात 'अकार्यक्षम' हा शब्द होता. आठवड्याच्या आत त्या पोराला साइटवरून काढलं.

आता खरी गोष्ट. या प्रकाराचा अहवाल लिहायला मलाच बसवलं. म्हणून मी त्या ट्रेनिंगचं रेकॉर्डिंग पाहिलं. एक तास दहाव्या मिनिटाला त्याच पोराने विचारलेलं ऐकू येतं, "सर, बिटलॉकर आधी सस्पेंड करायचा का? आणि की सगळ्या सेव्ह आहेत ते कुठे बघायचं?" उत्तर मिळतं, "तो आजच्या सेशनचा भाग नाही, ऑफलाइन बोलू." ऑफलाइन कोणी बोललं नाही. त्याने शनिवारी सकाळी मेलही टाकला होता. शनिवारी मेल कोण वाचतं?

म्हणजे ज्या एका माणसाला खड्डा दिसला होता, त्यालाच आम्ही खड्ड्यात ढकललं. आणि धक्का मारणाऱ्यांत मी होतो.

म्हणून आता ठासून सांगतो. शेकडो मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं ही हमाली नाही, ते इंजिनिअरिंग आहे. आणि स्लाइड दाखवणं म्हणजे ट्रेनिंग नाही. पोहायला शिकवताना आपण पोराला पाण्याची चित्रं दाखवतो का?

एक मशीन फॉरमॅट करणं सोपं आहे, कबूल. चारशे करायच्या तर प्रश्नच बदलतो. मास्टर इमेज सिसप्रेप न करता नुसती कॉपी का मारायची नाही? वेगवेगळ्या मॉडेलचे ड्रायव्हर कुठे ठेवायचे? मशीन नेटवर्कवरून बूट होत नाही, तर घोळ डीएचसीपीत आहे, स्विचच्या पोर्टात की बायोसच्या सेटिंगात? अकाउंट्सवालीच्या डेस्कटॉपवर सोळा वर्षांच्या एक्सेल फाइल आहेत, त्या पुसायच्या आधी कुठे हलवायच्या? नवीन विंडोजवर प्रिंटर चालला नाही तर परत मागे कसं जायचं? अपग्रेडनंतर मागे जायची सोय विंडोज ११ आपणहून फक्त दहा दिवस ठेवतं, हे आपल्या किती मॅनेजरांना माहीत आहे? यातलं एकही उत्तर स्लाइड बघून हातात बसत नाही.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत.

पहिला: "अरे, आता सगळं क्लाउडवर आहे. ऑटोपायलट आहे. नवीन लॅपटॉप थेट माणसाच्या घरी जातो, तो लॉगिन करतो, सेटिंग आपोआप उतरतात." मान्य, सोय छान आहे. पण ते मशीन आधी नोंदवावं लागतं, प्रोफाइल लावावं लागतं, आणि सेटअप मधेच अडकला की लॉग वाचता येणारा माणूस लागतो. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली विंडोज मशीन आडवी झाली. मायक्रोसॉफ्टचाच अंदाज ८५ लाखांचा. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बिघडलेली फाइल कंपनीने दीडेक तासात मागे घेतली, पण जी मशीन बूटच होत नव्हती त्यांना क्लाउडवरून काय पाठवणार? बऱ्याच ठिकाणी कोणालातरी एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल हाताने उडवावी लागली. आणि तिथेही पुन्हा तोच प्रश्न: बिटलॉकरची की कुठे आहे? ज्यांच्या माणसांनी हे आधी करून पाहिलं होतं, त्यांना तो दिवस नक्कीच कमी जड गेला असेल.

दुसरा आक्षेप आमच्या मॅनेजरचा लाडका: "ट्रेन केलं की पोरं सोडून जातात." जातील ना! दोनशे रुपयांनी जास्त देणाऱ्याकडे तशीही जातात. पण अर्धवट शिकलेला माणूस चारशे मशीनच्या चाव्या घेऊन आत फिरतोय, हे तुम्हाला स्वस्त वाटतं? त्या सोमवारी साठ माणसं हातावर हात ठेवून बसली होती. तो पगार कुठल्या ट्रेनिंगच्या बजेटमध्ये धरला?

मग करायचं काय? फार नाही. भंगारात काढायच्या दहा मशीन एका खोलीत लावा. जेवढी मॉडेल ऑफिसात आहेत त्यातलं एकेक तरी असू द्या. स्वतंत्र स्विच, एक छोटा सर्व्हर. पोरांना पूर्ण दोन आठवडे द्या, आणि त्या वेळात तिकिटं त्यांच्या अंगावर टाकू नका. आधी इमेज मारू दे, मग मुद्दाम मोडू दे. अपग्रेड चालू असताना वीज घालवा. बिटलॉकर सस्पेंड न करता बायोस बदलू दे, म्हणजे तो निळा स्क्रीन पहिल्यांदा दिसेल तो भंगारातल्या मशीनवर दिसेल. मग कामाच्या पायऱ्या त्यांनाच लिहू दे, मराठीत लिहिल्या तरी चालेल. रात्री अडीच वाजता कोणाला साहेबी इंग्रजी सुचतं?

आणि खऱ्या मशीनला हात लावाल तेव्हा आधी पाच, तेही आयटीचेच. मग वीस, मग मजला. प्रत्येक टप्प्यानंतर दोन दिवस थांबा. आणि थांबायचं का पुढे जायचं, हे म्हणायचा हक्क काम करणाऱ्याला द्या. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महाग आहे, कारण त्याला पैसे नाही, मान द्यावा लागतो.

अहवालात मी हे सगळं लिहिलं. त्याचा प्रश्न, वेळेसकट, पहिल्याच पानावर टाकला. वरून उत्तर आलं, "नोटेड." त्या पोराला फोन केला आणि माफी मागितली. "ठीक आहे सर" म्हणाला. ठीक काही नव्हतं, मलाही कळत होतं. तीन महिने तो घरी बसून होता.

सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या डेस्कटॉप सपोर्टवाल्याला चहाला न्या आणि एवढंच विचारा, "सरावाला मशीन दिलंय का रे तुला?" नाही म्हणाला, तर पुढचा चिडका मेल त्याला नका लिहू, त्याच्या वरच्यांना लिहा.

आणि हो, कोड रोज पुश करा. मी करतो आता. असो.