बोटीवरचे बेत

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर सौ.ने बँकेची एक जुनी कोरी डायरी काढली आणि पहिल्या पानावर मथळा लिहिला : 'बोटीवरचे बेत'. क्रूझवर जायचं अजून ठरलंही नव्हतं. तरी तिचं पहिलं कलम तयार होतं : "आज भाजी कसली करू, हे तीन दिवस कोणालाही विचारायचं नाही."

मग आम्ही दोघंही पेटलो. डेकवर बदामसात. तंबोला, तोही हरेपर्यंत. पोहण्याच्या तलावात मी उतरायचं, तिनं काठावर पाय सोडून हसायचं. मी नाचाच्या वर्गाचं नाव काढलं, तशी ती म्हणाली, "अहो, वरातीत तुम्ही बँडवाल्याच्या मागे लपला होतात!"

लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आम्ही बोटीनं कोकणात जात असू. डेकवर सतरंजी, उशाला वळकटी, आणि बोट लागू नये म्हणून आईनं हातात दिलेलं लिंबू. बंदर आलं की बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि आम्ही होडीतून किनाऱ्याला लागायचो. पावसाळ्यात तर बोट बंदच. तेव्हा बोट गावाला पोचण्यासाठी होती. बोटीत राहण्यासाठीच बोटीत बसायचं, ही कल्पना आमच्या वडिलांना खुळचटपणाची वाटली असती.

खरं सांगायचं तर मलाही वाटायची. आमच्या पिढीतल्या नवरा-बायकोनं आयुष्यभर बेत केले ते घराच्या हप्त्यांचे, मुलांच्या प्रवेशांचे, लग्नकार्यांचे. नुसत्या मजेचा बेत आम्ही कायम 'पुढे बघू'च्या खात्यात टाकला.

हे 'पुढे' कसं येतं, ते मी काउंटरच्या पलीकडून पाहिलं आहे. ठेव दोघांच्या नावानं असायची. 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' अशी सोय. ठेवताना दोघं यायची, मोडायला एकच. एक बाई पावतीवर सही करता करता म्हणाल्या होत्या, "यातून काशीला जायचं होतं हो आम्हाला." त्या वेळी मी त्यांना व्याजाचा हिशेब समजावून सांगितला. दुसरं काय बोलायचं, ते सुचलं नव्हतं.

म्हातारपणाची तरतूद हवीच. आजारपणाचे पैसे बाजूला काढल्याशिवाय उधळपट्टी करा, असं मी म्हणणार नाही. ज्यांची पेन्शन औषधांतच संपते, त्यांना क्रूझचा उपदेश करणंही क्रूर ठरेल. पण बेताला बोटच लागते असं थोडंच आहे? एस.टी.नं गणपतीपुळ्याला जातानाही डायरीचं एक पान भरता येतं. अट एकच : गुडघे साथ देताहेत आणि दोघंही आहेत, तोवर ते भरायचं.

मुंबई-गोवा 'आंग्रिया' २०१८ साली सुरू झाली तेव्हाही आम्ही 'पुढे बघू' म्हटलं होतं. ती बोट मग बंद पडली.

सोमवारी मी एक ठेव मुदतीआधी मोडली. व्याजाचं थोडं नुकसान झालं. नोकरीत असतो, तर ग्राहकाला दोनदा विचारलं असतं, "नक्की ना?" घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती काही बोलली नाही. डायरी काढून तिनं नाचाच्या वर्गापुढे माझं नाव लिहिलं.