सगळं ते लोक करतात!

गेल्या रविवारी एका मित्राच्या नव्या घरी गेलो होतो. वाकड, चौदावा मजला, बाल्कनीतून हायवेचं दर्शन. पोहे झाले, चहा झाला आणि मग सुरू झाली ती ठरलेली कथा. पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यांनी कशी वाट लावली! टीव्हीच्या कोपऱ्याला टवका, डायनिंग टेबलाचे स्क्रू गायब, मिक्सरचं भांडं तर अजून सापडलेलं नाही. आणि सांगितलेल्या रकमेच्या वर नऊ हजार जास्त घेतले. आम्ही सहा जण होतो आणि प्रत्येकाकडे अशी एकेक कथा तयार होती. शेवटी निकाल एकमतानं लागला, "साले सगळे चोर असतात."

मी गप्प बसून पोहे खाल्ले. तिथं बोललो असतो तर दुसरी प्लेट मिळाली नसती :)

आता इथं बोलतो. मंडळी, या धंद्यात चोर आहेत, नाही कोण म्हणतं? अर्धा ट्रक भरून झाल्यावर रेट वाढवणारे आहेत, सामान अडवून पैसे मागणारेही आहेत. पण त्या दिवशी ऐकलेल्या सहा कथांपैकी निदान चारांमधला खलनायक स्वतः कथा सांगणाराच होता. आणि माझ्या कथेतला तर मीच आहे, ती पुढे येईलच.

आधी एक प्रश्न. आपण आयटीवाले क्लायंटच्या नावानं बोटं कशासाठी मोडतो? रिक्वायरमेंट देत नाही आणि एस्टिमेट मागतो म्हणून. "छोटंसंच काम आहे, दोन दिवसांत होईल ना?" म्हणतो म्हणून. मग शेवटच्या आठवड्यात "अरे हो, हे पण हवंय" म्हणून अजून तीन स्क्रीन टाकतो म्हणून. बरोबर?

आता स्वतःचा फोन आठवा. "हॅलो, वन बीएचके आहे हो, फारसं सामान नाही. किती घ्याल?" पलीकडचा बिचारा एक आकडा फेकतो. तो घर बघायला येतो म्हणाला तर आपल्याला वेळ नसतो, मीटिंग असते. मग शिफ्टिंगच्या दिवशी माळा उघडतो. त्यातून निघतात दोन जुने कूलर, बायकोच्या माहेरचा स्टीलचा डबा (उंची साडेतीन फूट), एक सायकल आणि न उघडलेले लग्नातले आहेर. बाल्कनीत बावीस कुंड्या. आणि आपण म्हणतो, "हे पण घ्या, एवढंसं तर आहे!"

अहो, आपणच तो क्लायंट!

बरं, रिलीजच्या आधी आपण काय काय करतो? चेकलिस्ट, बॅकअप, रोलबॅक प्लॅन. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही हा तर आपल्यात धर्म आहे. आणि अख्खं घर, म्हणजे ज्याला कसलाच बॅकअप नाही असा माल, आपण शुक्रवारी संध्याकाळी चार अनोळखी माणसांच्या हवाली करतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन कॉल घेतो. का? तर "सगळं ते लोक करतात".

हे वाक्यच मुळात खोटं आहे. ते लोक बांधतात, उचलतात, वाहून नेतात, उतरवतात. काय न्यायचं, काय टाकायचं, काय आपल्या हातात ठेवायचं, हे ते ठरवू शकत नाहीत. ते ठरवायचं काम पैसे देऊन सुटत नाही. आपण ठरवलं नाही की ते त्या क्षणी, घाईत, बबल रॅप हातात धरलेल्या वीस वर्षांच्या पोरानं ठरवायचं असतं. मग त्यानं चूक केली की तो चोर.

आता माझी कथा. मे २०२२. दोन वर्षं घरून काम करून झाल्यावर आम्ही बंगळूरहून पुण्याला परत यायचं ठरवलं. फोनवर कोटेशन घेतलं, बावीस हजार. घर दाखवलं नाही, यादी दिली नाही. सामान न्यायच्या दिवशी सकाळी दहाला चौघं आले, आणि सकाळी दहालाच माझा स्टँडअप कॉल होता. सुट्टी टाकली नव्हती. कशाला टाकायची? सगळं ते लोक करतात ना!

माझ्या बाबांच्या तीन वह्या होत्या. हिशोबाच्या. बाबा एसटीत क्लार्क होते, साताऱ्याला. १९८३ पासून पुढची काही वर्षं त्यांनी रोजचा खर्च लिहून ठेवला होता. दूध, रॉकेल, गूळ, शिवणावळ. मधेच एखादी ओळ असायची. माझा जन्म झाला त्या दिवशी फक्त एवढंच, "मुलगा झाला. पेढे २ किलो. रिक्षा." बस्स. बाबा २०१८ साली गेले, तेव्हा सातारचं घर आवरताना त्या वह्या मी घेऊन आलो होतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून कपाटाच्या वर ठेवल्या होत्या. चार वर्षांत एकदाही सोडल्या नव्हत्या. स्कॅन करायच्या होत्या. पुढच्या वीकेंडला. नेहमीप्रमाणे.

पुण्यात एक्केचाळीस खोकी उघडली. वह्या नाहीत. मी पेटलो. सुपरवायझरला फोन करून जे तोंडात येईल ते बोललो. त्या कंपनीला एक स्टार दिला आणि खाली तीन परिच्छेद लिहिले, त्यात "चोर" हा शब्द दोनदा होता. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं त्या पोराला फोनवर आणलं. घाबरलेला होता. म्हणाला, "सर, मैंने पूछा था, ये रद्दी है क्या. आप फोन पे थे. आपने हाथ हिलाया."

आणि मला तो हात आठवला. म्यूटवर असलेला मी, हेडफोन लावलेला, त्याच्याकडे न बघता मनगट झटकून केलेला इशारा. काढ, काढ.

कपाटाच्या वरचं, सुतळीनं बांधलेलं, जुन्या पेपरातलं गाठोडं. जगात कोणीही त्याला रद्दीच म्हणेल. तरी त्यानं विचारलं होतं! माझ्या टीममधल्या किती जणांनी विचारलं असतं? बंगळूरच्या घरमालकाला फोन केला, वॉचमनला विचारायला लावलं. कचऱ्याची गाडी त्याच संध्याकाळी येऊन गेली होती. तो एक स्टार मी काढून टाकला. एवढंच करण्यासारखं उरलं होतं.

आता कुणीतरी म्हणेलच, "अरे, मग पैसे कशाचे देतो? सगळं आपणच करायचं तर टेम्पो केला असता की." प्रश्न रास्त आहे. पैसे आपण देतो ते अंगमेहनतीचे आणि कसबाचे. काचेचा ग्लास कसा गुंडाळायचा, सोफा दारातून कोणत्या कोनात काढायचा हे त्यांना येतं, मला येत नाही. जुन्या काळी गल्लीतले मित्र गोळा करून शिफ्टिंग व्हायचं त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या प्रकारात आमच्या काकांचं गोदरेजचं कपाट एका मित्राच्या पायावर पडलं होतं. व्यावसायिक माणसं बोलवा, जरूर बोलवा. पण डॉक्टर चांगला आहे म्हणून पेशंटनं कुठे दुखतंय ते सांगायचंच नाही, असं चालतं का?

आणि कागद! मोबाईलच्या ईएमआयसाठी पाच सह्या करणारे आपण, घर नेताना एका चिठ्ठीवर खूश असतो. २००७ चा कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे, मार्च २०११ पासून लागू झाला. जास्त जोखमीचा दर (हायर रिस्क रेट) द्यायचं तुम्ही आधी स्पष्ट कबूल केलं नसेल, तर नुकसानीपोटी वाहतूकदाराची जबाबदारी नियमांनुसार भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. आणि दावा ठोकायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरच्या शिव्या म्हणजे नोटीस नव्हे. माझ्याकडून "इन्शुरन्स" म्हणून तीन टक्के घेतले होते. पॉलिसी कुठाय, हे मी पैसे देताना विचारलंच नाही. नंतर विचारलं तेव्हा अर्थातच पॉलिसी नव्हती. इथं तो नक्कीच लबाड. पण मी? सॉफ्टवेअरचं लायसन्स न बघता इन्स्टॉल करणाऱ्या ज्युनियरला मी मीटिंगमध्ये झापतो.

अजून एक गोष्ट. ही सगळ्यात जास्त टोचते. आपल्या न ठरवण्याचा भार शेवटी कुणाच्या तरी पाठीवर पडतो. शब्दशः. पुण्याच्या सोसायटीत सामानाची लिफ्ट संध्याकाळी पाचपर्यंतच मिळते, हे मी विचारलं नव्हतं. ट्रक पोचला साडेपाचला. वॉचमननं लिफ्टला कुलूप घातलं आणि तो त्याच्या जागी बरोबरच होता. साडेआठशे किलोमीटर ट्रकमध्ये बसून आलेल्या दोघांनी आणि इथल्या दोघांनी आमचा फ्रिज जिन्यानं सहा मजले वर चढवला. त्यात मी "मदत म्हणून" आदल्या रात्री टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात पुस्तकं ठासून भरली होती. ते खोकं चौघांना उचलेना. मधे एकानं प्यायला पाणी मागितलं, तर पाण्याच्या बाटल्या कोणत्या खोक्यात आहेत ते मला माहीत नव्हतं!

याच महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला. डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्याला मजुरीची, औषधपाण्याची, म्हातारपणाची काही हमी असावी म्हणून. त्या चौघांपैकी कुणाचं नाव कुठल्या माथाडी मंडळाच्या रजिस्टरात असेल असं मला वाटत नाही. तो प्रश्न माझ्या एकट्यानं सुटणारा नाही. पण लिफ्टची वेळ विचारणं? त्यासाठी कुठल्या चळवळीची गरज होती?

त्यानंतर २०२४ मध्ये पुण्यातल्या पुण्यात एकदा शिफ्टिंग झालं. या वेळी एक दिवस सुट्टी टाकली. माणूस घरी बोलावला, माळ्यासकट सगळं दाखवलं, यादीवर दोघांच्या सह्या केल्या. आधीच्या दोन शनिवारी टाकायचं ते टाकलं आणि द्यायचं ते दिलं. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद केला. फ्रंट लोड वॉशिंग मशीनला ड्रम धरून ठेवणारे बोल्ट असतात, ते शोधून परत बसवले (इन्स्टॉलेशनवाल्यानं काढून दिलेले ते चार बोल्ट आपण सगळेच कुठेतरी टाकतो). टीव्हीचे आणि टेबलाचे फोटो काढले, स्क्रू पिशवीत घालून त्याच टेबलाला चिकटवले. खोक्यांवर नंबर, एक्सेलमध्ये यादी. पुस्तकं लहान खोक्यांत. दोन्ही सोसायट्यांकडून लिफ्टची वेळ लेखी घेतली. कागदपत्रं, दागिने, औषधं, लॅपटॉप आपल्या गाडीत. पाण्याचा जार आणि चहाचा थर्मास दारात. दुपारी तीनला सगळं संपलं. तुटलं काय? एक कप. आणि तो माझ्या हातून :)

कामगार तसेच होते हो. तीच घाई, तोच टेप, तीच खोकी. फरक एवढाच की या वेळी त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर द्यायला मी तिथं होतो.

आपल्याकडे नव्या घरात जाताना देव आपण स्वतः नेतो. आमच्याकडे आई देवघरातला बाळकृष्ण ओच्यात घेऊन बसते, सोबत मिठाची पुडी आणि पाण्याचा तांब्या. ट्रकमध्ये कितीही जागा असो, देव ट्रकमध्ये जात नाही. मी याला हसायचो. माझा देवावर विश्वास नाही, अजूनही नाही. पण काही गोष्टी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नसतात आणि त्या कोणत्या हे ट्रक यायच्या आधी ठरलेलं असतं, एवढं आईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. बाबांच्या वह्या त्या ओच्यातच असायला हव्या होत्या.

असो. तुमचं ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं असेल, तर आज रविवार आहे. माळा उघडा. आणि कपाटाच्या वर काय ठेवलंय ते एकदा खाली काढून बघा.